मनगटातली घुरघुर

शेजारच्यांनी मांजराचं पिल्लू आणलंय. राखाडी रंगाचं, कान अंगापेक्षा मोठे. काल संध्याकाळी ते आपणहून माझ्या तळहातावर चढलं, दोनदा स्वतःची पाठ चाटली आणि घुरघुरायला लागलं. आवाज मला नंतर ऐकू आला, आधी तो तळहाताला कळला. मी उंबऱ्यातच बसून राहिले. हा कंप माझ्या हाताच्या ओळखीचा होता. सहा वर्षं रोज सकाळी, चहा टाकायच्या आधी, मी त्याला हात लावत होते. आईच्या डाव्या मनगटाच्या थोडं वर, जिथं कातडीखाली एक शीर सापासारखी वळलेली होती, तिथं.

डायलेसिसवर असलेल्यांच्या घरी ही जागा सगळ्यांना ठाऊक असते. शस्त्रक्रिया करून हाताची धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. धमनीचं दाबाचं रक्त शिरेत घुसतं, शीर फुगते, जाड होते, आणि दीड-दोन महिन्यांनी तिच्यात दाभणासारख्या दोन सुया आठवड्यातून तीनदा टोचता येतात. एका सुईतून रक्त यंत्राकडे जातं, दुसरीतून परत येतं. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या डॉक्टरांनी ही युक्ती जगापुढे मांडली. त्या जोडाला फिस्टुला म्हणतात आणि त्यातल्या अखंड थरथरीला थ्रिल. आई प्राथमिक शाळेतली बाई. शब्द ऐकल्याबरोबर तिनं त्याचं मराठी करून टाकलं. "रोमांच! साठीत मनगटाला रोमांच आलेत बघ माझ्या." रोज सकाळी रोमांच आहेत ना, एवढं बघायचं. थांबले असतील, तर तडक दवाखाना गाठायचा.

त्या हाताची निगा म्हणजे एक व्रतच. त्याला बीपीचा पट्टा नाही, घड्याळ नाही, त्या कुशीवर झोपणं नाही, बादली उचलणं नाही. आणि बांगड्या नाहीत. बाकी सगळं आईनं एका दिवसात मान्य केलं, बांगड्यांपाशी मात्र अडली. बाबा तेव्हा होते. सवाष्णीचा हात भुंडा कसा ठेवायचा? दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डाव्या हातातल्या बांगड्या तिनं उजव्या हातात चढवल्या. एका हातात डझनभर हिरव्या बांगड्या आणि दुसऱ्या हातात ती घुरघुर.

दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, बाबा गेले. दहाव्याला बायका जमल्या तेव्हा आईनं उजवा हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "एक हात आजारानं रिकामा केलाय. दुसरा मी करणार नाही." कुणी काही बोललं नाही. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्या बातमीचं कात्रण तिनं कापलं आणि स्वयंपाकाच्या वहीत, दुधी भोपळ्याच्या पानासमोर चिकटवलं. ती वही पुढे येईलच.

आधी पाण्याबद्दल. मूत्रपिंडं थांबली की प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. पायावर येतं, मग फुप्फुसात. आईला दिवसाला पाऊण लिटर होतं, आणि त्यात चहा, ताक, आमटी, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं आलं. सकाळी ती एक स्टीलची बाटली भरायची आणि दिवसभरात जे काही पातळ पोटात जाईल तेवढं पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायची. संध्याकाळी बाटलीत उरेल ते तिचं. तहान मारायला तोंडात वेलदोडा ठेवायची, चुळा भरायची, उन्हाळ्यात बर्फाचा एक खडा अर्धा तास जिभेवर घोळवायची. प्रत्येक घोटाआधी क्षणभर थांबायची. मी तिला पाणी गटागटा पिताना पाहिलं त्याला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक, पण पाणी *पिताना* मी फक्त तिलाच पाहिलंय. आम्ही बाकीचे नुसतं घशाखाली ढकलतो.

आणि अशा बाईच्या दाराशी २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आली.

आमचं घर सांगलीत, गावभागात. पूर आम्हाला नवा नाही. २००५ चं पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ जिन्याच्या भिंतीवर बाबांनी स्वतः ओढलेली. तिच्या भरवशावर आम्ही सामान वर चढवलं आणि निश्चिंत झालो. या वेळी पाणी ती रेघ गिळून वर आलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. शनिवारी, ३ तारखेला, आईचं डायलेसिस झालं होतं. पुढची पाळी मंगळवारी. मंगळवारी सकाळी खालच्या खोलीत कपाटं तरंगत होती, वीज गेली होती, आणि आईचं सेंटर ज्या रस्त्यावर तो रस्ताही पाण्याखाली होता.

डायलेसिसच्या माणसाला पाळी चुकली की दोन भीती असतात. एक पाण्याची, दुसरी पोटॅशियमची. पाणी वाढलं की धाप लागते, म्हणजे कळतं तरी. पोटॅशियम गुपचूप वाढतं आणि हृदय थांबवतं. आईनं मंगळवारी सकाळी पाऊण लिटरची बाटली अर्धी केली. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. दिवसभर भात आणि साखर-तूप खाल्लं. फळ नाही, डाळ नाही. दुपारी मी तिचं मनगट धरून बसले होते. खाली अंगणात नदीचा आवाज, आणि माझ्या बोटांखाली तिच्या मनगटातला. दोन्ही वाहण्याचेच आवाज. मला नदीचा राग येत होता. आईला येत नव्हता.

संध्याकाळी ती म्हणाली, "कृष्णामाई दारात आलीये. ओटी भरायला हवी."

माझा आवाज चढला असावा. धान्याचं पिंप गेलं होतं, बाबांची पुस्तकं गेली होती, शिवणयंत्र गेलं होतं. आणि ओटी? आई शांतपणे उठली. वर आणलेल्या ट्रंकेतून खण काढला, तांदूळ घेतले, देवापुढचा नारळ घेतला. नारळाचं पाणी म्हणजे नुसतं पोटॅशियम, तिच्यासाठी तीन वर्षं बंद. गॅलरीच्या कठड्यावर वाकून, उजव्या हातानं, हिरव्या बांगड्यांच्या हातानं, तिनं ती ओटी पाण्यात सोडली. नवरा गेलेल्या बाईनं ओटी भरायची नाही असं म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. नारळ एकदा बुडाला, वर आला आणि समोरच्या घराच्या खिडकीला टेकून थांबला. "तुझ्या पाण्यावर साठ वर्षं काढली," आई पाण्याला म्हणाली. "आता जा बाई घरी."

बुधवारी दुपारी गल्लीतल्या पोरांनी होडी आणली. आईला खिडकीतून उतरवताना तिघांनी तीन बाजूंनी धरलं. ती एकच वाक्य परत परत सांगत होती, "डावा हात धरू नका रे बाळांनो." विश्रामबागेत मामेबहिणीकडे रात्र काढली. गुरुवारी मिरजेतल्या एका सेंटरनं तिला घेतलं. पाचवा दिवस होता. तिला पायऱ्या चढवत नव्हत्या. तिथं बाहेर बाकांवर, जिन्यावर, चटयांवर आमच्यासारखी माणसं. चार तासांची पाळी तीन तासांवर आणली होती, म्हणजे सगळ्यांना मिळेल. एका माणसाच्या चार तासांच्या डायलेसिसला यंत्र साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी वापरतं. शहर पाण्यात बुडालेलं, नळ कोरडे, आणि ही माणसं टँकरसाठी फोन करत होती. आईला सुई टोचणाऱ्या मुलाचे डोळे लाल झाले होते. त्याचं स्वतःचं घर नदीपलीकडच्या गावात, आईवडील कुठल्या शाळेत हलवलेत ते त्याला दुपारपर्यंत कळलं नव्हतं. तेवढ्यात ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली बोट उलटल्याची बातमी आली. वॉर्ड गप्प झाला. तो मुलगा एका पावलापुरता थांबला आणि पुढच्या खाटेकडे गेला. "काकू, आज किती पाणी काढायचं?" असं रोजच्यासारखं विचारलं त्यानं. त्या प्रश्नाइतकं दिलासा देणारं काही मी त्या आठवड्यात ऐकलं नाही.

असल्या सेंटरच्या बाहेर बसूनच मी विलेम कोल्फ यांच्याविषयी वाचलं. नेदरलँड्सचे डॉक्टर. १९३८ साली तरुण कोल्फ यांच्या वॉर्डात बावीस वर्षांचा एक मुलगा मूत्रपिंडं निकामी होऊन गेला, आणि शेतकरी आईला हे सांगायचं काम त्यांच्याकडे आलं. रोज वीस ग्रॅम युरिया कसाही काढता आला असता तर हा पोरगा जगला असता, हा हिशोब त्यांच्या डोक्यातून गेला नाही. पुढे देश जर्मनांच्या ताब्यात गेला. आयसेल नदीकाठच्या कॅम्पेन नावाच्या लहान गावातल्या इस्पितळात त्यांनी १९४३ च्या सुमारास यंत्र उभं केलं, तेही लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सॉसेजवर चढवायची सेलोफेनची नळी गुंडाळून. पहिले जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि जगली. युद्ध संपल्यावर कोल्फ यांनी आपली यंत्रं दुसऱ्या देशांतल्या इस्पितळांना देऊन टाकली. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिनं बाईचं काय झालं हे विचारलंच नाही. विचारलं, "आणि त्या मुलाची आई?" मला माहीत नव्हतं. पुढच्या दसऱ्याला सेंटरमधल्या चार नंबरच्या यंत्रावर झेंडूची माळ घालताना तिनं हात जोडले आणि ओठ बराच वेळ हलत होते.

आजारी माणसाबद्दल लिहिताना 'झुंज' हा शब्द मला सहन होत नाही. झुंज अपयशी ठरली, अशी वाक्यं वर्तमानपत्रात येतात, जणू गेलेला माणूस कुस्ती हरला. आई आजाराशी झुंजली नाही. ती त्याच्याबरोबर नांदली. खाष्ट सासू असलेल्या घरात बाई जशी आपली चूल, आपला कोपरा, आपला वेळ राखते, तशी.

तिचा कोपरा म्हणजे ती वही. शेजारच्या खाटेवर तासगावकडचा एक द्राक्ष बागायतदार असायचा. महात्मा फुले योजनेतून त्याचं डायलेसिस व्हायचं. एकदा तो चिडून म्हणाला, "काय खायचं नाही त्याची यादी सगळे देतात. खायचं काय, ते कुणी सांगतच नाही." दुसऱ्या पाळीला आई शंभर पानी वही घेऊन गेली. डाव्या हातात सुया, उजव्या हातात पेन. बटाटा सोलायचा, बारीक चिरायचा, भरपूर पाण्यात दोन तास ठेवायचा, मग नव्या पाण्यात उकळायचा, पाणी फेकायचं, मगच फोडणी. पोटॅशियम पाण्यात उतरतं. पालेभाजीचंही तसंच. 'कमी सोडियमचं' म्हणून विकतात ते मीठ घ्यायचं नाही, त्यात पोटॅशियमच असतं. कमरख चाखायचंही नाही. पुरणपोळी सणाला एक चतकोर, कटाची आमटी नाही. डाएटिशियन बाईंनी तपासल्याशिवाय एक पान पुढे गेलं नाही. बाईंनी लाल रेघ मारली की आई विद्यार्थिनीसारखी खाली मान घालून दुरुस्त करायची. वहीच्या झेरॉक्स प्रती किती निघाल्या ते आम्ही मोजलं नाही. भाज्या उकळलेलं पाणी मात्र तिनं कधी मोरीत ओतलं नाही. गार झालं की जास्वंदीला घालायची. "माझ्या वाट्याचं तू घे." त्या जास्वंदीला एवढी फुलं यायची की गणपतीत अख्खी गल्ली आमच्याकडून न्यायची.

डिसेंबर २०२२ मध्ये एका पहाटे मी हात लावला तेव्हा मनगट गप्प होतं. मी तिथून बोटं काढली नाहीत. वाटलं, थांबलेलं काही वेळा परत सुरू होतं. चहाची वेळ उलटून गेली.

उजव्या हातातल्या बांगड्या आम्ही तशाच राहू दिल्या. मंगळवार-गुरुवार-शनिवारची सकाळची पाळी त्याच आठवड्यात जतकडच्या एका मुलाला मिळाली. तो पहाटे तीनला उठून दुसऱ्या जिल्ह्यात जायचा, ते वाचलं. मला ते फोनवर कळलं तेव्हा खूप दिवसांनी बरं वाटलं.

पिल्लू केव्हाच उतरून गेलं होतं. मी अजून तळहात तसाच धरून बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. तासगावहून, बागायतदाराची बायको. "ताई, आज्जींच्या वहीत आषाढीचं पान हाय का? ह्ये ऐकंनात, उपास करतोच म्हणत्यात."

वही फडताळात वरच होती. मी चष्मा शोधला, पान काढलं आणि वाचायला लागले. "लिहून घ्या वहिनी. वरीचा भात चालेल, जिऱ्याची फोडणी द्या. साबुदाणा थोडा, पण दाण्याचं कूट अजिबात नको. बटाटा नाही, रताळं नाही, केळं नाही, खजूर नाही. काकडी चालेल. सफरचंद अर्धं. ताक घेतलं तर तेवढं पाणी बाटलीतून काढून टाकायचं. आणि जेवणाबरोबरची गोळी, उपास असला तरी. हो, आज्जींनी त्याखाली दोन रेघा मारल्यात."