शाळेचे बूट, पावसाळा आणि चामडं



शाळा सुरू व्हायला आठवडा उरला की दादरच्या रानडे रोडवर पाय ठेवायला जागा नसते. यंदा ह्यांच्या पगाराचं तीन महिन्यांपासून काही खरं नाही, आणि दोन्ही मुलांचे पाय मात्र वाढलेले. दोघांचं मिळून १००० रुपयांत बसवायचं होतं.

आपल्या घरात चामडं येत नाही. लोकांना वाटतं, बरंच आहे, रेक्झिन स्वस्त पडतं. दुकानात पडतंही. पण चामड्याच्या बुटाला मोची दोनदा तळ बदलून देतो. रेक्झिनचे पापुद्रे सुटले की तोही हात जोडतो. म्हणून मी किमतीला महिन्यांनी भागते. ३०० चा जोड तीन महिन्यांत गेला तर महिन्याला १००, ६०० चा वर्षभर टिकला तर ५०. अर्थात हातात ६०० नसतील तर हा हिशेब येऊनही काय उपयोग!

सासूबाईंनी यातून वाट काढली होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मामंजींचं लालबागला किराणाचं दुकान होतं. गिऱ्हाइकं बहुतेक गिरणीतलीच. उधारी अडकली ती अडकलीच. त्या जूनमध्ये सासूबाईंनी मुलांना काळे बूट घेतलेच नाहीत. फक्त प्लास्टिकच्या पावसाळी सँडल घेतल्या, बूट दिवाळीनंतर.

मीही तेच केलं. आमच्या शाळेत पावसाळ्यात सँडल चालतात. हिंदमाताला पाणी साचलं की कापडी बूट दोन दिवस वाळत नाहीत, वास वेगळाच. मुलीला मैत्रिणीसारखे बूट हवे होते; घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आठवीतली आहे, चालायचंच.

काही जोडांवर छोट्या चित्रांचं लेबल असतं, ते बघत जा. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, विणलेली जाळी म्हणजे कापड, शंकरपाळ्यासारखा चौकोन म्हणजे इतर काही. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांची चित्रं वेगवेगळी असतात. अस्तराचं नक्की बघा, वरून कापड आणि आत चामडं असंही असतं. फुटपाथवरच्या मालाला लेबल नसतं. तिथे मी कापलेली कड बघते. आत कापडाचा थर दिसला तर रेक्झिन.

दोन्ही सँडल मिळून ५८० ला पडल्या. उरलेले ४२० काळ्या बुटांसाठी डब्यात ठेवलेत, आणि पर्युषणातसुद्धा त्याला हात लावायचा नाही असं ह्यांना बजावलंय.