जिन्याची वरची पायरी

वैशाखात आमच्याकडे स्लॅब म्हणजे दुसरे स्वयंपाकघरच. कुरडया, पापड, सांडगे सारे वर वाळत असते आणि घरातल्या बायकांचे दिवसातून दहा वेळा वर-खाली होते. २०१९ च्या उन्हाळ्यात सासूबाई कुरडयांचे सूप घेऊन उतरायला निघाल्या, पहिल्याच पायरीवर पाय हुकला आणि मांडीचे हाड खुब्याशी मोडले. शस्त्रक्रिया झाली. काठी धरून ओसरीपर्यंत यायला चार महिने लागले. त्या साली पेरणी आणि भांगलण कशी उरकली ते आमचे आम्हांला ठाऊक.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "वय झालं, आता वर जायचं नाही." मला ते पटेना. पाळी गेल्यावर बाईची हाडे ठिसूळ होतात हे खरे. त्याने हाड लवकर मोडते, पण पाय का हुकावा? डोक्यावर पाटी घेऊन निसरड्या बांधावरून जन्मभर चाललेली बाई ती!

शेवटी धाकट्या भावजींनी तुरीची एक काडी घेतली. मधल्या पायरीची उंची तिच्यावर खुणावली आणि तीच काडी एकेका पायरीला लावून पाहिली. मधल्या साऱ्या सात इंच. सर्वांत खालची पाच आणि सर्वांत वरची चक्क दहा!

जिना ओतला तेव्हा साऱ्या सारख्याच होत्या. मागून घरात फरशी बसली, खालची जमीन दोन इंच वर आली. स्लॅब गळू नये म्हणून वर तीन इंच कोबा पडला. जिना मात्र होता तिथेच राहिला. फरशी-कोब्याची जाडी आधी धरून पायऱ्या आखायच्या असतात, ते गवंड्याने केले नाही. पाय काही दर वेळी पायरी पाहून पडत नाही, अंदाजाने पडतो. रिकाम्या हाताने सवयीने निभावते. सूप आडवे आले, पायरी दिसेनाशी झाली, की तीन इंचांचा खड्डा पुरे. चढण्यापेक्षा उतरताना धोका जास्त तो यामुळेच.

घरगुती जिन्याची पायरी साडेसात इंचांहून उंच नसावी आणि पाय ठेवायला निदान दहा इंच जागा असावी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. आम्ही जिना पाडला नाही. प्रत्येक पायरीवर थर चढवला, खाली दोन इंच, वर जाता जाता जवळजवळ तीन. म्हणजे सारा चढ सारखा झाला. वर खडबडीत शहाबादी बसवली. गुळगुळीत फरशी स्वस्त मिळत होती, पण ओल्या पायांना ती काय कामाची? कडेला पांढरा पट्टा ओढला, संध्याकाळी तो बरा दिसतो.

कठड्याचे काम लोहाराने केले. उंची तीन फूट, मुठीत मावेल असा गोल नळ, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर नेलेला. खाली आणि वर दोन्हीकडून लागणारा दिवा घेतला. पायऱ्यांवर कांद्याची पोती ठेवायची मात्र अजून पुरती बंद झालेली नाहीत. त्यावरून भावजींचे आणि माझे रोज वाजते.

सासूबाई आता कठडा धरून वर येतात. सूप मीच आणते; त्या कुरडया उलटतात आणि कावळे हाकतात.