वेशीवरच्या आया

अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची गर्दी मागे टाकून तांबड्या जोगेश्वरीच्या दारात पोचलो, तेव्हा सकाळची आरती संपत आली होती. खण-नारळाची ताटं घेतलेल्या बायका रांगेत होत्या. एका घरची लग्नपत्रिका देवीपुढे ठेवली जात होती. पुण्यात शुभकार्याची अक्षत कसब्याच्या गणपतीला आणि या ग्रामदेवतेला देण्याची रीत आहे. गणेशोत्सवातही मानाचा पहिला गणपती कसब्याचा आणि दुसरा जोगेश्वरीचा.

आज भर बाजारपेठेत असलेली ही देवी एके काळी गावाबाहेर होती. जुनं पुणं म्हणजे नदीकाठचा कसबा. पेठा नंतर वसल्या, गाव वेशीबाहेर सरकत गेलं आणि राखणदार आई शहराच्या पोटात आली.

पर्वतीवरही तेच. पायऱ्या चढताना पेशवाई आठवतेच: नानासाहेबांनी इथे देवदेवेश्वराचं मंदिर उभारलं आणि पानिपतानंतर 1761च्या जूनमध्ये इथेच देह ठेवला. पण टेकडीवर देवीचं ठाणं त्याआधीपासून होतं असं सांगतात. शंकर नंतर आला, डोंगराचं नाव मात्र आईचंच राहिलं.

दुपारनंतर सेनापती बापट रस्त्यावर चतुःशृंगीला गेलो. आख्यायिका अशी, की दुर्लभशेठ नावाचे सावकार दरवर्षी वणीच्या सप्तशृंगीला जात. वयोमानानं ते थकले, तेव्हा देवीच त्यांच्यासाठी या डोंगरात प्रकटली. लेकराला चालवेना, म्हणून आईनं यावं, ही गोष्ट मला कुठल्याही महिषासुरवधापेक्षा जवळची वाटते. देवीचा तांदळा शेंदरानं माखलेला आहे. नवरात्रात इथे जत्रेला मुंगीला वाट मिळत नाही.

इथून भांडारकर रस्ता फार लांब नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी तिथे राहत. गणिताचा हा पंडित पुण्याभोवतीच्या टेकड्या, खिंडी आणि जुन्या वाटा तुडवत हिंडला. देवीच्या ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारं सापडली. 1962 साली आलेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात चव्हाट्यावरच्या मातृदेवतांवर त्यांचा एक लेख आहे. त्याची सुरुवात ‘मृच्छकटिका’पासून होते: चारुदत्त मैत्रेयाला चव्हाट्यावर मातृकांना बळी ठेवून यायला सांगतो. हा चव्हाटा म्हणजे भटक्या टोळ्यांच्या वाटा जिथे मिळत ती जागा, असा कोसंबींचा तर्क. यांतल्या कित्येक देवींना नवरा नाही, आणि शेजारच्या दोन गावांपलीकडे त्यांचं नावही कुणाला ठाऊक नाही. मला हे त्यांचं सर्वांत मोलाचं निरीक्षण वाटतं. पुराणं लिहिली जाण्याच्या कितीतरी आधीचा हा पदर आहे.

तो अजून जिता आहे. पुण्यात मटणाच्या दुकानावर ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी दिसते, म्हणजे मेंढीचं. हवेली तालुक्यातल्या वाडेबोल्हाईच्या देवीला बोकड चालत नाही, म्हणून तिला मानणारी घरंही बोकडाचं मटण खात नाहीत. एका गावच्या देवीचा नेम आज शहराच्या बाजारात पाळला जातो.

मोठ्या देवळांची काळजी घ्यायला विश्वस्त आहेत. ओढ्याकाठच्या सात आसरा, झाडाखालची मरीआई यांना कुणी नाही. रस्ता रुंदावला की शेंदरी दगड आधी हलतो. तुमच्या वस्तीत असं ठाणं असेल तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: देवीचं नाव काय, नैवेद्य कसला, आधी कुठे होती. आणि ते लिहून ठेवा.