तारकर्लीतल्या गळक्या पंपास

प्रिय पंपा,

तुझ्याखालची फरशी कधीच कोरडी नसते आणि तुझा मालक आता नवा पंप आणायच्या विचारात आहे. तो निर्णय होण्याआधी हे पत्र लिहितो आहे. उघडं लिहितो आहे, कारण देवबागपासून आचऱ्यापर्यंत रिसॉर्टांच्या मागच्या अंगाला, चिऱ्याच्या खोल्यांमध्ये पोहण्याच्या तलावांचे तुझ्यासारखे पंप ठिबकत उभे असतात. त्यांची निगा राखणाऱ्यांनीही हे वाचावं.

तुझी निगा राखणारा माणूस आळशी नाही. तो म्हणतो, "थोडा पाणी गळूकच होया, नायतर पंप तापतलो." हे त्याचं मनाचं नाही, अनुभवाचं आहे. माडांना पाणी देणारा त्याच्या घरचा जुना पंप घे. त्याच्या दांड्याभोवती ग्लँडची दोरी भरलेली असते. फिरता दांडा तिला घासतो आणि तिला थंड ठेवायला थेंब थेंब पाणी बाहेर यावंच लागतं. नट आवळून ते थांबवलं तर दोरी जळते, दांड्यावर चरे पडतात. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. पुढे तिथले पंप विहिरीविहिरीवर आले आणि महाराष्ट्रातल्या पिढ्या हे ज्ञान हाताने शिकल्या. त्या पंपाचा थेंब म्हणजे प्रकृती ठीक असल्याची खूण. पण तुझ्यात ग्लँडची दोरी नाही, मेकॅनिकल सील आहे, आणि तुझा थेंब हा आजार आहे. मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे, कारण या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे धडधाकट मोटरी भंगारात जातात.

सील म्हणजे दोन चकत्या. पांढरी सिरॅमिकची चकती जागच्या जागी बसलेली, काळी कार्बनची इंपेलरबरोबर, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राबरोबर, फिरणारी आणि मागून स्प्रिंगने तिच्यावर दाबलेली. दोघींमध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर राहतो. तोच त्यांना थंड ठेवतो. पाणी संपलं की थोड्या वेळात चकत्या तापतात आणि नंतर गार पाणी आलं की सिरॅमिकला तडा जातो. तारकर्लीत पाणी संपायला निमित्तं भरपूर आहेत. सुरूच्या बारीक काड्या जाळीत अडकतात. मे महिन्यात तलावाची पातळी उतरते आणि तू पाण्याऐवजी हवा ओढू लागतोस. बंद राहण्यानेही सील जातं: पावसाळ्यात फारसे पर्यटक नसतात, तू महिनोनमहिने बंद राहतोस, चकत्या एकमेकींना चिकटतात. मग कोणीतरी थेट बटण दाबतं. दांडा आधी हाताने फिरवून पाहिला असता तर सील वाचलं असतं.

पण दोष सीलचाच आहे, हे गृहीत धरू नये. तुला खोलण्याआधी तुला पुसायचं असतं. अंग कोरडं करायचं, खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि थेंब पडतो कुठे याऐवजी पहिला ओलावा उमटतो कुठे, ते पाहायचं. पाणी पोटावरून ओघळत जाऊन सगळ्यात खालच्या कडेवरून ठिबकतं, त्यामुळे पडण्याची जागा जवळजवळ नेहमी फसवते. गळती वाळली की पांढरा ओघळ राहतो, असं मेकॅनिक सांगतात. इतरत्र ते खरं असेल. मालवणच्या किनाऱ्यावर खारं वारं सगळ्यावरच मिठाचा पांढरा थर चढवतं, म्हणून इथे पुसणं टाळता येत नाही.

मग तू चालू असताना आणि बंद असताना, असं दोनदा पाहायचं. तू तलावाच्या पातळीच्या वर बसलेला आहेस. त्यामुळे ओढीच्या बाजूला फट असेल तर चालू असताना ती गळत नाही, हवा खाते. जाळीवरच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसतात, तलावात येणाऱ्या पाण्यातही बुडबुडे येतात, आणि तू बंद झालास की पाणी मागे उतरून जातं. अशा वेळी पहिला संशय झाकणाच्या ओ-रिंगवर घ्यावा. तिच्या खाचेत इथली बारीक वाळू बसते. ती काढून रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावं. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावू नये, त्याने बऱ्याच रिंगांचं रबर फुगतं. गळती फक्त चालू असतानाच दिसत असेल तर दाबाच्या बाजूचे जोड पाहावेत. कोरडं चालल्याने प्लास्टिकचे आटे तापून आकसलेले असतील तर टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे दिले तरी उपयोग नाही, तो तुकडाच बदलायचा. आणि थेंब मोटर व पंप जिथे जुळतात तिथून, मधल्या फटीतून येत असेल, तर मात्र सील गेलं.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चारेक लिटर. एवढ्यासाठी कशाला खोलायचं, असा प्रश्न तुझ्या मालकाने विचारला तर तो चुकीचा नाही. पण ते पाणी दांड्यावरून मोटरच्या पुढच्या बेअरिंगकडे जातं. आधी बेअरिंगमधलं ग्रीस धुपतं, मग किंचाळल्यासारखा आवाज येतो, मग मोटर जड फिरते आणि कॉईल जळते. सील पंपाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतं, कॉईल नसते. शिवाय ओल्या फरशीवर वीज आहे. ज्या खोलीत तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग नाही, तिथे गळका पंप चालवूच नये.

दुसरं कारण तुझ्या पायाखालच्या वाळूत आहे. तारकर्ली-देवबाग ही एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी असलेली वाळूची पट्टी. इथल्या विहिरींचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत ते पोचतं. उपसा करून ते वरचं पाणी थोडं जरी उतरवलं, तरी खालून खारं पाणी त्याच प्रमाणात वर सरकतं. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी हा हिशेब एप्रिल-मेमध्ये बदलत नाही. मालवणसमोर सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूबाजूंनी समुद्र असताना, दूध विहीर, साखर विहीर आणि दही विहीर आहेत. किनाऱ्यावर गोड्या पाण्याचं मोल किती, ते या नावांतूनच कळतं. तुझ्या तलावात घटलेलं पाणी भरून काढायला शेजारच्या घराच्या विहिरीलगतच उपसा होतो, म्हणून गळती ही तुझ्या मालकाची खाजगी बाब राहत नाही.

त्यासाठी तुझ्या थेंबाइतकीच तलावाची पातळीही मोजायला हवी. तलावाच्या पायरीवर बादली ठेवायची, आत-बाहेर पाणी एका पातळीवर आणायचं आणि चोवीस तासांनी दोन्हींतली घट पाहायची. बादलीतली घट ही उन्हा-वाऱ्याची. तलावातली घट त्याहून सेंटिमीटरभर जास्त असेल, तर दहा मीटर बाय पाच मीटरच्या तलावातून रोज पाचशे लिटर जात आहेत. जलजीवन मिशनच्या माणशी पंचावन्न लिटरच्या निकषाने हे नऊ माणसांचं पाणी आहे. ते तुझ्या चार लिटरांतून गेलेलं नाही.

आता तुझी दुरुस्ती. एमसीबी बंद करून कोणी चालू करणार नाही अशी सोय करायची, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे, पाणी काढायचं, बोल्ट सोडून मोटर मागे ओढायची. दांडा मागच्या टोकाला पान्याने धरून इंपेलर उलटा फिरवायचा. काही पंपांत मधला स्क्रू डाव्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी ते पाहावं. सीलचे दोन्ही भाग नवे घालायचे, जुन्या सिरॅमिकवर नवा कार्बन बसवायचा नाही. चकचकीत बाजू समोरासमोर यायला हवी आणि तिला बोट लावायचं नाही, कारण बोटाच्या तेलाने आणि वाळूच्या एका कणानेही तिचं सपाटपण बिघडतं. रबर साबणाच्या पाण्याने सरकवायचं. वरून एम-सील लिंपून हा आजार बरा होत नाही. पंप चालू करण्याआधी जाळीचं भांडं पाण्याने भरायचं. क्लोरीनच्या गोळ्या जाळीत ठेवू नयेत. तू बंद असताना त्यांचं आम्ल तुझ्याच पोटात साचतं आणि रबर खातं.

आणि तू कोरडा झाल्यावरही बादलीपेक्षा तलाव जास्त उतरत राहिला, तर तुला पुन्हा खोलायचं नाही. पाणी जमिनीखालच्या पाइपातून किंवा तलावातूनच जात असेल. तू बंद ठेवून आणि तू चालू ठेवून बादलीचा तोच प्रयोग करावा. चालू असताना घट वाढली तर दाबाच्या बाजूच्या पाइपात शोधावं, दोन्ही वेळा सारखीच राहिली तर तलावाच्या भिंतीत, तळाच्या जाळीपाशी आणि दिव्याच्या खोबणीत.

तुझा,
किनाऱ्यावरच्या पाण्याची काळजी असणारा एक