एका नदीची दोन नावे

वाचकहो, कोलकात्याच्या बाबूघाटावर पहाटे स्नानाला आलेल्या एखाद्या वृद्धेला समोरच्या नदीचे नाव विचारा. ती "गंगा" असे सांगेल, आणि एवढी साधी गोष्ट आपणांस ठाऊक नसावी याचे तिला नवलही वाटेल. तोच प्रश्न एखाद्या जहाजावरील अधिकाऱ्याला विचारा. तो नकाशा उलगडून "हुगळी" या अक्षरांवर बोट ठेवील. पलीकडे हावड्याला नेणाऱ्या बोटी चालविणाऱ्या सहकारी संस्थेच्या नावात "हुगली नदी जलपथ" हे शब्द आहेत. परंतु बोटीतून उतरून आपण मासळीबाजारात गेलात, तर विक्रेता जो इलिश मासा कौतुकाने पुढे करील तो "गंगेचा" असेल. हुगळीचा इलिश कोणी विकत नाही आणि हुगळीत कोणी अस्थी सोडीत नाही. पाणी एकच, मग ही दोन नावे आली कोठून?

आधी जुन्या नावाकडे वळू. "गंगा" हा शब्द आपल्या वैयाकरणांनी "गम्" या धातूपासून साधला आहे. जी जाते, वाहते ती गंगा. बंगालीत "गांग" म्हणजे कोणतीही नदी, आणि आपला नाशिककर गोदावरीवर निघाला तरी "गंगेवर जाऊन येतो" असेच म्हणतो. हे नाव ग्रीकांच्या कानी पडले, तेव्हा त्यांनी त्याला आपल्या व्याकरणाचा पोशाख चढविला. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसच्या भाषेत नद्यांची नावे सामान्यतः पुल्लिंगी असत. म्हणून शेवटी एक "स" जोडला गेला आणि गंगेचा "गांगेस" झाला. ग्रीकांकडून तो लॅटिनमध्ये गेला, आणि लॅटिनमधून युरोपभर पसरला. जर्मनांनी "गांगेस" हा उच्चार बहुतांशी राखला. इटालियनांनी "गांजे" केले, फ्रेंचांनी "गांझ", तर इंग्रजांनी "गँजीझ". इंग्रजीत नामांना लिंग उरलेले नाही; परंतु ज्या भाषांत ते आहे, त्या या चारांपैकी उरलेल्या तिन्ही भाषांत गंगा आजही पुरुषच आहे.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे. रोम शहरातील पियाझ्झा नाव्होना या चौकात बेर्निनी या शिल्पकाराच्या योजनेनुसार उभारलेले चार नद्यांचे कारंजे आहे. ते १६५१ मध्ये पूर्ण झाले. नाईल, डॅन्यूब व रिओ द ला प्लाता यांच्याबरोबर आपली गंगाही तेथे बसलेली आहे, पण दाढी असलेल्या धिप्पाड पुरुषाच्या रूपात, हाती भले मोठे वल्हे घेऊन! भगीरथाच्या मागोमाग उतरलेली, भीष्माची माता असलेली गंगा ज्यांच्या मनात आहे, त्यांनी त्या पुतळ्यापुढे क्षणभर थबकावे यात आश्चर्य ते काय? आपल्याकडे पुरुषनदी मुळीच नसते असे नाही. ब्रह्मपुत्र हा नद आहे; कोलकात्याच्या खाली याच प्रवाहाला येऊन मिळणारे दामोदर आणि रूपनारायण यांनाही बंगाली माणूस नदच म्हणतो. पण गंगेविषयी तसा संभ्रम येथे कोणाला कधी पडला नाही. नाव दूर गेले, तरी त्याचा अर्थ आणि त्याचे नाते घाटावरच राहिले.

पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या, "पेरिप्लस" या नावाने प्रसिद्ध असलेल्या पुस्तकात एक लक्षणीय नोंद आहे. गंगेच्या काठी एक बाजारपेठ असून तिचे नाव नदीचेच आहे, असे तो सांगतो. म्हणजे त्या काळी नदीने बंदराला आपले नाव दिले होते. पुढे दीड हजार वर्षांनी नेमके याच्या उलट घडले.

सोळाव्या शतकात सरस्वती नावाचा फाटा गाळाने भरत गेला आणि त्यावरचे सप्तग्राम हे जुने बंदर मंदावले. पोर्तुगीज त्या बंदराला "पोर्तु पेकेनु", म्हणजे लहान बंदर, म्हणत. मोठे बंदर म्हणजे चितगाव. सप्तग्रामाजवळच, कोलकात्याच्या उत्तरेस चाळीसएक किलोमीटरांवर, नदीच्या पश्चिम काठी हुगळी हे गाव आहे. पोर्तुगीजांनी तेथे आपले ठाणे वसविले. अबुल फझलने अकबराच्या काळात लिहिलेल्या "ऐन-ए-अकबरी"त सातगाव व हुगळी ही दोन्ही बंदरे फिरंग्यांकडे असल्याचे म्हटले आहे. पोर्तुगीज कागदांत या गावाचे नाव "ओगोलिं" असे येते. हे रूप पाहून मराठी वाचकाला ओळखीचे काही आढळेल, कारण याच मंडळींनी मुंबईचे "बोंबाईं" आणि वसईचे "बासाईं" केले होते. अखेरचा स्वर नाकात नेल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे, आणि "ह" तर त्यांच्या तोंडी उमटतच नाही. फ्रेंच प्रवासी बर्नियर हाही "ह" गाळून "ओगुली" लिहितो. इंग्रजांनी "ह" राखला. मात्र "हुगळी" लिहिण्यास त्यांना दोन "ओ" आणि "ग"च्या मागे एक मुका "एच" लागला.

गावाच्या मूळ नावाविषयी विद्वानांत दोन मते आहेत. काहींच्या मते बंगालीतील "गोला", म्हणजे धान्याचे कोठार, हा शब्द त्याच्या मुळाशी आहे. पोर्तुगीजांनी तेथे कोठारे बांधली आणि आपल्या भाषेतील "ओ" हे उपपद त्यामागे लावले, असे ही मंडळी म्हणतात. दुसरे मत असे, की हे नाव "होगला" या पाणगवतावरून आले. आपल्याकडे ज्याला पाणकणीस म्हणतात त्याच जातीचे हे उंच गवत. बंगालच्या दलदलीत ते विपुल वाढते आणि त्याच्या चटया विणतात, छपरे शाकारतात. मला हे दुसरे मत अधिक पटते. अबुल फझलच्या नोंदीत आरंभीचा "ह" स्पष्ट आहे. जो ध्वनी पोर्तुगीजांच्या जिभेवरच नाही, तो त्यांनी या नावाला दिला असेल कसा? शिवाय झाडाझुडपांवरून गावाचे नाव पडणे ही आपली जुनी रीत आहे. वडगाव, पिंपळगाव, चिंचवड ही काय दुसरी उदाहरणे?

१६३२ मध्ये शाहजहानच्या सैन्याने पोर्तुगीजांचे हे ठाणे जिंकले, १६५१ मध्ये इंग्रजांनी तेथे वखार घातली, आणि १७४२ मध्ये काही काळ ते मराठ्यांच्याही हाती होते. समुद्रातून आत शिरणाऱ्या जहाजांचे मुक्कामाचे गाव हुगळी, म्हणून वाटेतील पाण्यालाही खलाशांनी तेच नाव दिले. १६९० नंतर व्यापार कोलकात्याकडे सरकला. गाव मागे पडले, पण त्याचे नाव नदीला चिकटले ते कायमचे. एका पाणगवताने असे भागीरथीला झाकून टाकले!

परकी नावे देशी कानांनाही स्वस्थ बसू देत नाहीत. दामोदर आणि रूपनारायण यांच्या मुखांदरम्यान "जेम्स अँड मेरी" नावाचा एक घातक वाळूचा दांडा आहे. "जल" आणि "मारी" या शब्दांचा हा अपभ्रंश असावा, असे कित्येकांनी मोठ्या हौसेने सुचविले. कल्पना सुंदर आहे, परंतु खरी नाही. १६९४ मध्ये "रॉयल जेम्स अँड मेरी" हे जहाज तेथे बुडाले, एवढीच त्यामागची हकीकत आहे.

मात्र नावाचा प्रश्न खरा टोकदार होतो तो कोलकात्याच्या दक्षिणेस. गंगेचा जुना प्रवाह कालीघाटावरून जात असे. तो आज आदिगंगा म्हणून ओळखला जातो. १७७५ नंतर कर्नल विल्यम टॉली याने तो खोदून कालवा केला, म्हणून तो "टॉलीचा नाला" झाला, आणि त्यावरून टॉलीगंज. पुढे चित्रपटांच्या धंद्याने त्या नावाचे काय केले हे आपण जाणताच. जहाजे जातात तो खिदिरपूरपासून साक्रेलपर्यंतचा रुंद प्रवाह लोकांच्या लेखी "काटागंगा", म्हणजे माणसांनी कापून काढलेली गंगा. रूढ समजुतीप्रमाणे तिला पावित्र्य नाही. ते कालीघाटच्या अरुंद, गढूळ ओहोळाला आहे. नकाशाकाराला मोठे पाणी दिसते, भाविकाला जुने पाणी दिसते.

भूगोलाचे अभ्यासक यावर म्हणतील, की गंगेचा मुख्य ओघ तर पद्मा होऊन बांगलादेशात जातो. इकडचा फाटा म्हणजे नवद्वीपापर्यंत भागीरथी आणि त्याखाली हुगळी. ते बरोबरच आहे. पण १९७५ मध्ये फराक्काचे धरण सुरू झाले आणि अडतीसएक किलोमीटर लांबीच्या कालव्याने गंगेचे पाणी या फाट्यात आणले गेले. हेतू धार्मिक नव्हता, गाळाने गुदमरणारे कोलकाता बंदर वाचवावयाचे होते. तरी घाटावरच्या नावाला त्यामुळे पाण्याचा आधार मिळाला तो मिळालाच.

आपण मराठी माणसांनीही या नावाला आपला हात लावला आहे. बंगालीत "ळ" नाही. हुगली म्हणावयाच्या जागी आपण सरळ "हुगळी" म्हणतो, आणि ते आता आपल्या भाषेत रूढ झाले आहे. ते बदलण्याचे कारण मला दिसत नाही. भाषांतराच्या मेजावर मात्र दररोज निवड करावी लागते. इंग्रजी मजकुरात कोलकात्याची कोणी विधवा पतीच्या अस्थी "हुगळी"त सोडते, तेव्हा मराठीत ती गंगेतच सोडील. आणि एखादे कोळशाचे जहाज भरतीची वाट पाहत डायमंड हार्बरला थांबले असेल, तर ते हुगळीतच थांबेल.