संदर्भासहित स्पष्टीकरण

‘संदर्भासहित स्पष्टीकरण करा’ हा प्रश्न दिसला की आमच्या अंबाजोगाईच्या विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ओळ कोणाची, कोणत्या प्रसंगीची, हे सांगितल्याखेरीज मी गुण देत नाही. गुरांचे डॉक्टरही माझ्यासारखेच कडक परीक्षक असतात, हे मला २०१९ च्या उन्हाळ्यात कळले.

त्या वर्षीच्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा-छावण्या उभ्या राहिल्या. आमच्या थोरल्या बंधूंनी आपली लालकंधारी गाय अशाच एका छावणीत आणली. फासळ्या मोजून घ्याव्यात अशी तिची दशा. डॉक्टरांनी रक्त तपासायला धाडले. कागदावर एकूण प्रथिने ७.२, म्हणजे अगदी मर्यादेत! दादा हरखले. “डॉक्टरसाहेब, आकडा तर झकास आहे. मग हिला झालंय काय?”

डॉक्टरांनी गायीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागेवर जाईना. डोळे खोल गेलेले. ते म्हणाले, “हिच्या अंगात पाणी नाही, दादा. दूध आटवलं की गोड लागतं, साखर काही वाढत नाही. रक्ताचंही तसंच झालंय.”

सलाईन झाले, पाणी पोटात गेले. गाय कान हलवू लागली; आणि नव्या कागदावर आकडा घसरून ५.७ झाला! त्यातले अल्ब्युमिन तर फारच कमी. पाण्याअभावी झाकलेली उपासमार आता उघडी पडली.

तरीही डॉक्टरांनी घाईने निकाल दिला नाही. अल्ब्युमिन यकृतात तयार होते, चाऱ्यातल्या प्रथिनांवर. चारा निकस असेल, यकृत बिघडले असेल, जंत रक्त शोषत असतील, किंवा मूत्रपिंडातून ते गळत असेल. म्हणून शेण आणि लघवीही तपासली. दोन्ही निर्दोष निघाली. यकृताचीही तक्रार नव्हती. रक्तातला युरिया मात्र खालावलेला. नुसत्या उसावर दिवस काढणाऱ्या जनावराचे हे लक्षण. औषध ठरले, सरकीची पेंड! अल्ब्युमिन सावकाश चढते. त्याला काही आठवडे द्यावे लागले. पोळ्याला गायीची पाठ भरलेली होती.

आपल्या घरीही रक्ताचे कागद येतात. आकडे मर्यादेत दिसले की आपण घडी घालून ते कपाटात टाकतो. माणूस निदान ‘मला तहान लागली आहे’ असे सांगू तरी शकतो. मुक्या जिवाच्या कागदाशेजारी मात्र त्याच्या कातडीला हात लावणारा कोणीतरी उभा असावा लागतो.