मुखेडची कॅराव्हॅन

कॅराव्हॅन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? फोल्डिंगचा बेड, छोटासा फ्रिज, खिडकीत दिव्यांची माळ आणि दारात पोज देणारं एक हॅपी कपल! राज्य सरकारनं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये दर लाँग वीकएंडला हा विषय निघतोच. निघतो आणि भाड्याचा आकडा ऐकला की तिथंच बारगळतो. यंदा मात्र मी खरीखुरी चाकांवरची घरं बघून आले. माझ्या आजोळी, मुखेडला.

मुखेड म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगांतलं तालुक्याचं गाव. शेती बरीचशी कोरडवाहू, पाऊस लहरी. त्यामुळे दिवाळीच्या आसपास इथली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची आणि ट्रॉलीत अख्खा संसार भरायचा. पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, गोधड्या, सरपण, कोंबड्या आणि सगळ्यात वर पोरं. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. असे दहा-बारा कोयते म्हणजे एक टोळी. कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत मुक्काम तिकडंच!

मी पोचले ती संध्याकाळ टळून गेल्यावर. मावसभाऊ बाइक घेऊन कंधारला न्यायला आला होता. गप्पा रंगात होत्या, रस्ता रिकामा होता. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. एका वळणानंतर त्यानं असा काही ब्रेक मारला, की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटलं. समोर हातभर अंतरावर लोखंडी फळका होता. ट्रॉली! मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. आम्ही दोघंही काही वेळ बोललोच नाही. मग तो हळूच म्हणाला, ‘ताई, मामाचीच हाय ही.’

घरी गेल्यावर मामाला विचारलं, तर त्यानं जेवता जेवता विषय उडवून लावला. ‘फ्यूज सारखा जायलाय गं. म्हणून मागचे दिवेच बंद ठेवलेत. कारखान्यावर गेल्यावर बघू.’ म्हणजे एवढा शेकडो किलोमीटरचा रस्ता तसाच? ‘गाडी तर ओढायलीय की!’ मामाचं उत्तर. आणि लॉजिक बिनतोड होतं. टायर पंक्चर झाला तर ट्रॅक्टर थांबतो, डिझेल संपलं तर थांबतो. मागचा दिवा गेला म्हणून कुठला ट्रॅक्टर थांबलाय?

सकाळी नऊला मी आणि मावसभावानं मिळून मामाला गाडीसकट ऑटो-इलेक्ट्रिशियनच्या दुकानात नेलं. दुकान कसलं, पत्र्याचं शेड. पण त्या मिस्त्रींनी पुढच्या दोन तासांत जे शिकवलं, ते मला मास कॉमच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं!

ट्रॅक्टर आणि ट्रॉलीला जोडणारी ती केबल तुम्हीही पाहिली असेल. टोकाला सात पिनांचा गोल प्लग. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेक, दोन्ही बाजूंचे टेल लाइट, अर्थ आणि एक जादा. याचं आयएसओ १७२४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. त्यात पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, तांबडी ब्रेकची, काळी-तपकिरी टेल लाइटच्या आणि पांढरी अर्थची. मामाच्या केबलमध्ये मात्र होळी झाली होती. जिथं जी वायर मिळाली ती कुणीतरी जोडलेली. त्यामुळे मिस्त्री रंगाच्या भानगडीत पडलेच नाहीत. त्यांनी नवा फ्यूज घातला, प्लग काढला, एक छोटा बल्ब घेतला आणि ट्रॅक्टरच्या सॉकेटची एकेक पिन तपासली. बल्ब लागला. ‘पावर इथपर्यंत यायलीय. म्हणजे रोग हिकडं हाय,’ असं म्हणत ते ट्रॉलीच्या दांड्याखाली शिरले.

रोग सापडला. केबल लांब सोडलेली होती. खड्ड्यात ती रस्त्याला घासायची. घासून घासून वरचं रबर गेलं, आतली तांब्याची तार उघडी पडली आणि दांड्याच्या लोखंडाला टेकली. टेकली की शॉर्ट, शॉर्ट की फ्यूज गेला! ‘फ्यूजच्या जागी जाड तार घातली नाई, ही अक्कल केली,’ मिस्त्री मामाला म्हणाले. ‘नाईतर वायरच पेटली असती. आणि वर माणसं.’

दुसरी गंमत म्हणजे अर्थची वायर जोडलेलीच नव्हती. करंट हुकाच्या पिनेतूनच परत जायचा. पण हुक चालत्या गाडीत हलतो, गंजतो. मग दिवे लुकलुकतात, ब्रेक दाबला तर इंडिकेटर मिणमिणतो.

मिस्त्रींनी खराब तुकडा कापून टाकला. काळवंडलेली तार मागे मागे सोलत नेली, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. मग नवा तुकडा जोडला. सातही जोड एका जागी येऊ दिले नाहीत, मागे-पुढे ठेवले, म्हणजे एकमेकांना टेकायला नकोत. प्रत्येकाला सोल्डरिंगचा डाग, वर स्लीव्ह, आणि सगळ्यावर प्लॅस्टिकचा पाइप. अर्थसाठी चासीवरचा रंग खरवडून बोल्ट पक्का आवळला. शेवटी केबल दांड्याला बांधताना मामाला पूर्ण वळण घ्यायला लावलं. वळताना ताणली जाऊ नये आणि सरळ जाताना लोंबू नये, एवढीच ढील. सगळं मिळून बिल किती? तुमच्या ऑफिसखालच्या कॉफी शॉपमध्ये तिघांची कॉफी होते तेवढं!

सोल्डरिंग चाललं होतं तेव्हा मी दशरथेश्वराच्या जुन्या दगडी देवळात जाऊन आले. देऊळ सुंदरच आहे, निवांत बघण्यासारखं. पण खरं सांगू? माझं अर्धं लक्ष त्या केबलमध्येच होतं.

चारला टोळी निघायची होती. मुकादम घाई करत होता. ट्रॉलीत सामान चढलं, माणसं चढली. मागच्या फळक्याला टेकून, लेकराला मांडीवर घेऊन एक बाई बसली. माझ्याच वयाची असेल. तिला तिथंच झोपायचं होतं, रात्रभर. तिनं वाकून मला विचारलं, ‘ताई, मागचा दिवा लागायलाय का? हितून दिसत नाई.’

मी मागे जाऊन उभी राहिले. मामानं दिवे लावले. दोन्ही लाल. ब्रेक दाबला. आणखी लाल. डावा, उजवा, सगळं ओके. मी रिफ्लेक्टर ओढणीनं पुसला आणि तिला ओरडून सांगितलं, ‘हाव, लागायलाय!’

ट्रॉली नजरेआड होईपर्यंत मी ते दोन लाल ठिपके बघत होते. हा दिवा गाडी चालवणाऱ्याला दिसत नाही, गाडीत बसलेल्यांनाही दिसत नाही. दिसतो तो फक्त मागून येणाऱ्याला. कदाचित म्हणूनच तो दुरुस्त करायचा राहून जातो.

मामानं कारखान्यावर पोचल्यावर फोन केला. ‘पोचलाव,’ म्हणाला. आणि मी न विचारताच पुढे, ‘दिवे लागायलेत.’

कसं जाल?
नांदेडपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. अंतर सुमारे ७० किलोमीटर. कंधारमार्गे गेलात तर तिथला भुईकोट किल्ला चुकवू नका. आणि ऊसतोडीच्या हंगामात त्या रस्त्यावर रात्री बाइक चालवणार असाल, तर वेग कमी ठेवा. पुढचा रस्ता रिकामा दिसतोय, याचा अर्थ तो रिकामा असेलच असं नाही!